हौशी रंगमंचाची रंगभूषा: तंत्र आणि स्वच्छता

रंगमंचावरच्या चेहऱ्याचे गणित दोन गोष्टींवर ठरते: प्रकाश कसला आणि किती आहे, आणि प्रेक्षक किती लांब बसला आहे. समोरून येणारा तीव्र प्रकाश चेहऱ्यावरचे नैसर्गिक चढउतार पुसून टाकतो, त्यामुळे नाक, गालांची हाडे आणि डोळ्यांच्या खोबणी सपाट दिसू लागतात. भुवईची हालचाल पंधराव्या रांगेतल्या प्रेक्षकाला दिसली नाही, तर नटाचा अभिनय त्याच्यापर्यंत अर्धाच पोहोचतो. पुसले गेलेले हे चढउतार परत मिळवून देणे आणि भूमिकेला गरज असेल तेथे नवे निर्माण करणे, एवढेच रंगभूषेचे काम आहे.

व्यावसायिक नाटकाला स्वतंत्र रंगभूषाकार असतो. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी हौशी संस्था, महाविद्यालयाचा एकांकिकेचा संघ किंवा गणेशोत्सवात नाटक बसवणारे परदेशातले महाराष्ट्र मंडळ यांच्याकडे मात्र बहुधा एकच पेटी असते, ती सांभाळणारी एक उत्साही व्यक्ती असते आणि समोर आठ-दहा चेहरे रांगेत उभे असतात. अशा ठिकाणी एकच स्पंज पहिल्या चेहऱ्यावरून शेवटच्या चेहऱ्यापर्यंत जातो आणि एकच काजळाची पेन्सिल सर्वांच्या डोळ्यांत फिरते. हे चूक आहे हे कोणालाही सांगावे लागत नाही, तरीही ते घडते, कारण तिसरी घंटा जवळ आलेली असते. म्हणून स्वच्छतेचे नियम भिंतीवर लावण्यापेक्षा कामाचा क्रम असा आखावा की घाईतही स्वच्छ मार्गच सर्वांत सोपा पडेल. पुढील मांडणीत तंत्र आणि स्वच्छता एकत्र आली आहेत ती याच कारणासाठी.

पेटीची मांडणी

पेटीचे दोन भाग करावेत. पहिला भाग सामाईक: क्रीम स्वरूपातले बेस (चेहऱ्याचा पायाभूत रंग), पॅनकेक (पाण्याने लावायचा वडीसारखा बेस), शेड (गडद) आणि हायलाइटचे (उजळ) रंग, रूज (गालांची लाली), पारदर्शक पावडर, स्पिरिट गम (दाढी-मिशा चिकटवण्याचा गोंद), क्रेपचे केस (दाढी-मिशांसाठीचे खोटे केस), सर्जिकल स्पिरिट किंवा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापूस, कानाच्या काड्या आणि टिश्यू पेपर. दुसरा भाग वैयक्तिक: प्रत्येक नटाच्या नावाची एक झिपची पिशवी, तिच्यात त्याचा स्वतःचा स्पंज, पावडरचा पफ, ओठांचा ब्रश, काजळ किंवा लायनर, आणि वापरत असल्यास मस्कारा. मोठा स्पंज कात्रीने चार तुकडे करून वापरला, तर खर्चाची तक्रारही उरत नाही. पिशवीवरचे नाव पक्क्या शाईने लिहावे, कारण घामाने आणि क्रीमने चिठ्ठी लगेच सुटते.

सामाईक रंग डबीतून थेट चेहऱ्यावर कधीच जाऊ नये. डबीतला रंग स्वच्छ चमच्याच्या दांड्याने किंवा आइस्क्रीमच्या लाकडी काडीने खरवडून ताटलीत घ्यावा आणि त्या नटाचा स्पंज किंवा ब्रश ताटलीतच बुडवावा. पॅलेट म्हणून बाजारात मिळणाऱ्या महागड्या वस्तूंपेक्षा मला स्टीलची साधी ताटली अधिक पसंत आहे. ती दोन चेहऱ्यांच्या मध्ये पुसता येते, स्पिरिटने निर्जंतुक करता येते आणि घरी नेऊन उकळत्या पाण्यातही टाकता येते. ताटलीतला उरलेला रंग डबीत परत टाकायचा नाही. काटकसरीची सवय असलेल्या माणसाला हे जड जाते, परंतु तेवढ्या चिमूटभर रंगासाठी संपूर्ण डबी दूषित करणे अधिक महाग पडते.

पेटीत काय असू नये याची यादी मात्र ठाम हवी. पोस्टर कलर, रांगोळीचे रंग, होळीचे रंग, बूट पॉलिश आणि फेविकॉल यांतली कोणतीही वस्तू चेहऱ्यासाठी बनवलेली नाही. पौराणिक नाटकात मारुतीचे तोंड रंगवण्यासाठी अजूनही कोणीतरी शेंदूर सुचवतो. पारंपरिक शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड असतो आणि हिंगूळ हे पाऱ्याचे संयुग असते, हे त्या सुचवणाऱ्याला सांगावे. लाल-केशरी रंगाचे त्वचेसाठी बनवलेले क्रीम आज सहज मिळते. शिशाचा प्रश्न केवळ आपलाच होता असे नाही. युरोपातही नटांच्या चेहऱ्यावर शिशाची सफेदी असे, आणि लुडविग लाइखनर या ऑपेरा-गायकाने १८७३ साली बर्लिनमध्ये शिसेविरहित ग्रीसपेंट बनवण्याचा उद्योग सुरू केल्यावर ते चित्र बदलत गेले. दीडशे वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न आपण रंगपटात (मेकअप रूममध्ये) नव्याने उभा करण्याचे कारण नाही.

नवीन वस्तू आणली की ती प्रयोगाच्या दिवशी प्रथमच वापरू नये. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडी लावून २४ ते ४८ तास वाट पाहावी. स्पिरिट गम आणि लिक्विड लेटेक्स (द्रवरूप रबर) यांच्या बाबतीत ही चाचणी अनिवार्य समजावी, कारण लेटेक्सची ॲलर्जी काही व्यक्तींत तीव्र स्वरूपाची असते. फुगा फुगवताना ओठांना खाज येते किंवा रबरी हातमोजे घातल्यावर पुरळ उठते असे सांगणाऱ्या नटाच्या चेहऱ्यावर लेटेक्स लावण्याचा विचारच सोडून द्यावा.

चेहरा वाचण्यास शिकणे

शिकण्याची सुरुवात रंगांपासून न करता हाडांपासून करावी. आरशासमोर बसून बोटांनी कपाळाचा उंचवटा, कानशिलाची खोलगट जागा, डोळ्याच्या खोबणीची कड, गालाचे हाड, त्याखालचा खळगा आणि जबड्याची रेषा चाचपून पाहावी. मग खोलीतला एकच दिवा चालू ठेवून तो आधी डोक्यावरून, नंतर बाजूने आणि शेवटी खालून चेहऱ्यावर पाडावा आणि सावल्या कोठे पडतात याची नोंद ठेवावी. रंगभूषेचे बहुतेक तंत्र या एका तत्त्वावर उभे आहे: जे पुढे आणायचे ते उजळ करायचे, जे मागे ढकलायचे ते गडद करायचे. चेहऱ्याचा अर्धा भाग रंगवून उरलेला अर्धा तसाच ठेवण्याचा सराव फार उपयुक्त ठरतो, कारण आपण नेमका काय फरक केला हे तुलना समोर असल्याशिवाय कळत नाही. सराव स्वतःच्याच चेहऱ्यावर करावा. कोकणातल्या दशावतारात नट आपली रंगभूषा स्वतःच करतो, आणि आपल्या चेहऱ्याची त्याला असलेली जाण बाहेरून आलेल्या रंगभूषाकाराला सहसा लाभत नाही.

प्रत्येक भूमिकेसाठी कागदावर चेहऱ्याची बाह्यरेषा काढून तिच्यात बेसची छटा, शेडच्या जागा, भुवईचा आकार आणि टोपाचा (विगचा) क्रमांक लिहून ठेवावा. हा तक्ता पुढच्या प्रयोगाला कामी येतो आणि पेटी सांभाळणारी व्यक्ती आजारी पडली तर दुसऱ्या कोणाला काम चालवता येते.

साधी रंगभूषा

नटाने चेहरा धुऊन, दाढी करून आणि हलके मॉइश्चरायझर लावून खुर्चीत बसावे. दाढी प्रयोगाच्या अगदी आधी केल्यास बारीक जखमांवर रंग चुरचुरतो आणि जंतूंना वाट मिळते, म्हणून ती दोन-तीन तास आधीच उरकावी. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याने त्या रंग लागण्यापूर्वी घालाव्यात आणि प्रयोगानंतर रंग उतरवण्यापूर्वी काढाव्यात. रंगभूषा करणाऱ्याने प्रत्येक चेहऱ्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. नळ लांब असल्यास सॅनिटायझर चालेल, परंतु बोटे रंगाने माखलेली असताना सॅनिटायझरचा उपयोग होत नाही, आधी ती पुसावी लागतात.

बेसची छटा जबड्याच्या रेषेवर तपासून निवडावी. येथे एक जुनी खोड मोडण्याची गरज आहे. नायिका म्हटली की दोन छटा उजळ बेस लावण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे, आणि त्यामुळे प्रकाशात चेहरा राखाडी दिसतो व मान वेगळ्याच माणसाची वाटते. बेस त्वचेच्या रंगाचाच असावा, फार तर किंचित अधिक ऊबदार. डोळ्यांखालची काळी वर्तुळे त्वचेपेक्षा उजळ रंगाने झाकू गेल्यास राखाडी डाग उमटतो. सावळ्या त्वचेवर आधी नारिंगी झाक असलेल्या करेक्टरचा (डाग झाकणाऱ्या क्रीमचा) पातळ थर द्यावा आणि त्यावर बेस लावावा. दाढीची निळसर झाक लपवण्याचा उपायही तोच आहे, आणि स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष नटाला त्याची गरज सर्वांत जास्त भासते: नारिंगी-तांबूस थर, त्यावर पावडरचा हलका दाब, आणि मग बेस.

बेस थापटून लावावा, घासून नव्हे. कान, कानामागची जागा, मान आणि उघडे राहणारे हात यांवरही तो जायला हवा. मागून प्रकाश आला की न रंगवलेले कान लाल दिव्यांसारखे दिसतात. त्यानंतर नाकाच्या मध्यरेषेवर अरुंद हायलाइट आणि दोन्ही बाजूंना शेड, गालाच्या हाडाखाली शेड, हाडावर हायलाइट, आणि या सर्वांच्या कडा बोटाच्या किंवा ब्रशच्या टोकाने विरघळवणे असा क्रम ठेवावा. क्रीमचे सर्व काम पूर्ण झाल्यावरच पावडर लावावी. पफमध्ये पावडर घेऊन ती तळहातावर दाबून पफात मुरवावी आणि मग चेहऱ्यावर दाबत जावे; उरलेली पावडर मऊ ब्रशने झटकावी. पावडर लावलेल्या चेहऱ्यावर पुन्हा क्रीम घातल्यास चट्टे पडतात.

डोळ्यांच्या बाबतीत तंत्र आणि आरोग्य यांचा थेट संबंध येतो. दूरच्या प्रेक्षकासाठी खालची रेषा पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर काढून काहीच साधत नाही. उलट डोळा लहान दिसतो. ती केसांच्या किंचित खाली, बाहेरच्या दोन तृतीयांश भागात काढावी आणि बाहेरच्या कोपऱ्यात वरच्या रेषेला मिळवून टाकू नये, म्हणजे डोळा मोठा आणि उघडा दिसतो. यामुळे पेन्सिल डोळ्यातल्या पाण्यापासूनही दूर राहते. काजळ, लायनर आणि मस्कारा यांची देवघेव सख्ख्या भावंडांतही करू नये, कारण डोळे येण्याची साथ संपूर्ण संघात पसरायला एक पेन्सिल पुरेशी असते. सामाईक पेन्सिल वापरण्याची वेळच आली, तर तिला टोक करून वरचा थर काढून टाकावा, टोक स्पिरिटने पुसावे, पूर्ण वाळू द्यावे आणि टोकयंत्रही पुसून घ्यावे. सामाईक मस्काऱ्याला मात्र असा कोणताही उपाय नाही. एकदा डोळ्याला लागलेला ब्रश नळीत परत गेला की ती नळी त्या एकाच व्यक्तीची झाली. लिपस्टिक कांडीने ओठांवर न फिरवता काडीने खरवडून ताटलीत घ्यावी आणि त्या नटाच्या ब्रशने लावावी. पुरुषांच्या ओठांना तपकिरी झाक असलेला रंग द्यावा. गुलाबी लावल्यास प्रेक्षकाचे लक्ष संवादांवरून उडते.

वार्धक्य

वीस-बावीस वर्षांच्या मुलाला सत्तर वर्षांचा आजोबा करणे हे एकांकिका स्पर्धांतले नेहमीचे काम, आणि तेच सर्वांत वाईट रीतीने केले जाते. कपाळावर तीन काळ्या रेषा, डोळ्यांच्या कोपऱ्यात मांजराच्या मिशांसारख्या तीन रेषा आणि केसांत टाल्कम पावडर, असा हा ठरलेला साचा आहे. कोणी आजोबांच्या खांद्यावर थाप मारली की पावडरीचा ढग उठतो आणि शोकांतिकेचा फार्स होतो.

म्हातारपण रेषांनी दिसत नाही. मांस उतरल्याने आणि हाडे वर आल्याने दिसते. म्हणून प्रथम कानशिले, डोळ्यांच्या खोबणी, गालांचे खळगे आणि मानेवरच्या शिरांमधली जागा गडद करावी व त्यांच्या शेजारचे उंचवटे उजळ करावेत. शेडसाठी काळा रंग टाळावा; सावळ्या त्वचेवर गडद तांबूस-तपकिरी छटा खरी वाटते. नंतर नटाला कपाळाला आठ्या घालायला, हसायला आणि डोळे बारीक करायला सांगून त्याच्याच चेहऱ्यावरच्या घड्या पकडाव्यात. घडी ही केवळ रेषा नसते. वरून प्रकाश येतो तेव्हा तिचा वरचा फुगवटा हळूहळू गडद होत खाचेपर्यंत येतो आणि खाचेखाली एकदम उजळ कड सुरू होते. म्हणजेच शेडची खाचेकडची कड स्पष्ट ठेवायची, वरची कड विरवायची आणि खाचेच्या लगत खाली हायलाइटची अरुंद रेघ द्यायची. नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्याकडे येणारी घडी आणि डोळ्यांखालच्या पिशव्या यांनाही हाच नियम लागू पडतो. नाकाजवळच्या घडीत शेड गालाच्या बाजूला विरते. उजळ कड नसेल तर कितीही गडद शेड दिली तरी ती लांबून मळासारखी दिसते.

हात विसरू नयेत. आजोबांचा चेहरा सुरकुतलेला आणि काठी धरलेला हात टवटवीत, हे दृश्य परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. बोटांच्या मधल्या खाचांत शेड, हाडांवर हायलाइट आणि शिरांसाठी निळसर-राखाडी पुसट रेघ एवढे पुरते. केस पांढरे करण्यासाठी केसांसाठीच बनवलेला पाण्याने धुतला जाणारा पांढरा रंग जुन्या टूथब्रशने लावावा, तोही कानशिलांपासून सुरुवात करून आणि पिवळसर किंवा राखाडी झाक मिसळून, कारण निव्वळ पांढरा रंग प्रकाशात निळा दिसतो.

दाढी आणि मिशा

क्रेपचे केस वेणी घातलेल्या स्वरूपात मिळतात. वेणी सोडून केस ओले करावेत, ताणून वाळवावेत किंवा कापडाखाली हलकी इस्त्री फिरवावी, म्हणजे कुरळेपणा कमी होतो. हे काम आदल्या दिवशी झाले पाहिजे. एकाच रंगाची दाढी खोटी दिसते, म्हणून दोन-तीन छटा मिसळाव्यात: हनुवटीखाली गडद, वर आणि कडांना किंचित फिकी.

जेथे केस चिकटवायचे तेथे बेस लावू नये. तेलकट त्वचेवर गम धरत नाही. ती जागा कापसाने पुसून कोरडी करावी. स्पिरिट गमचा ब्रश हे रंगपटातले सर्वांत दुर्लक्षित संसर्गाचे साधन आहे, कारण तो बाटलीच्या झाकणालाच जोडलेला असतो आणि प्रत्येकाच्या हनुवटीवरून बाटलीत परत जातो. त्याऐवजी थोडा गम ताटलीत ओतून कानाच्या काडीने लावावा आणि काडी फेकून द्यावी. गमचा पातळ थर देऊन तो बोटाने टपटपत चिकट होऊ द्यावा. मग केसांचा छोटा झुपका तिरका कापून हनुवटीच्या खालच्या बाजूपासून लावण्यास सुरुवात करावी, त्यानंतर हनुवटीचा पुढचा भाग आणि मग जबड्याच्या कडेने कानशिलांपर्यंत जावे, म्हणजे प्रत्येक वरचा थर खालच्या थराचे टोक झाकतो. मिशी बाहेरच्या कोपऱ्यांपासून मध्याकडे बांधत यावे. प्रत्येक झुपका ओलसर कापडाने दाबावा आणि सर्व सुकल्यावर सैल केस विंचरून काढावेत व कात्रीने आकार द्यावा. पेशवाईतल्या भूमिकांसाठी जाळीवर विणलेल्या तयार मिशा व कल्ले भाड्याने मिळतात आणि वेळ वाचतो. त्यांच्या जाळीवरचा आधीच्या माणसाचा जुना गम मात्र स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने काढल्याशिवाय त्या कोणाच्याही ओठांवर ठेवू नयेत.

गम आणि स्पिरिट दोन्ही ज्वालाग्राही आहेत. प्रयोगापूर्वी नटराजाची पूजा करण्याची आपली प्रथा आहे आणि ती असावीच. उदबत्ती व निरांजन मात्र रंगभूषेच्या टेबलापासून दूर, शक्यतो विंगेत ठेवावे.

प्रकाशात तपासणी

मेकअप रूममधली ट्यूबलाइट सर्वांना फसवते. हॅलोजनच्या पिवळसर प्रकाशात जो बेस जिवंत दिसतो तोच थंड पांढऱ्या एलईडीखाली निस्तेज होतो, आणि रंगीत प्रकाशात तर हिशेबच बदलतो: लाल प्रकाशात गालावरचे रूज नाहीसे होते, हिरव्या प्रकाशात तेच काळपट डागासारखे दिसते, निळ्या प्रकाशात जांभळट होते. म्हणून रंगीत तालमीला रंगभूषा पूर्ण करून, खऱ्या प्रकाशयोजनेखाली, सभागृहाच्या मध्यावरून आणि शेवटच्या रांगेतून चेहरे पाहावेत व प्रकाशयोजनाकाराशी बोलून घ्यावे. दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात योग्य वाटणारी रंगभूषा पुण्याच्या सुदर्शन रंगमंचासारख्या लहान जागेत मुखवटा वाटेल, कारण तेथे पहिली रांग नटापासून हाताच्या अंतरावर असते. अशा ठिकाणी शेड निम्म्यावर आणावी आणि क्रेपच्या दाढीऐवजी नटानेच दाढी वाढवावी हे उत्तम.

वेळेचा हिशेब तिसऱ्या घंटेपासून उलटा मांडावा. साध्या रंगभूषेला एका चेहऱ्यामागे पंधरा-वीस मिनिटे, वार्धक्य आणि दाढी असल्यास तासभर धरावा. ज्यांची रंगभूषा क्रीमची आणि गुंतागुंतीची आहे त्यांना आधी बसवावे. जे अगदी साधे काम स्वतः करू शकतात त्यांना तक्ता हातात देऊन आरशासमोर बसवावे. दोन चेहऱ्यांच्या मध्ये ब्रश आधी टिश्यूने पुसावा, मग त्यावर अल्कोहोल फवारून पुन्हा पुसावा आणि मिनिटभर वाळू द्यावा. क्रीमचा थर तसाच ठेवून नुसते अल्कोहोल फवारल्यास ते ब्रशच्या केसांपर्यंत पोहोचतच नाही. अल्कोहोल ७० टक्केच का, असा प्रश्न नेहमी येतो: त्यातल्या पाण्यामुळे ते जंतूंच्या प्रथिनांवर अधिक परिणामकारक ठरते आणि शुद्ध अल्कोहोलइतके पटकन उडून जात नाही. ब्रशचे दोन संच असले की एक वाळेपर्यंत दुसरा वापरता येतो.

ज्याचे डोळे आले आहेत, ओठांवर हर्पीसचे फोड आहेत किंवा चेहऱ्यावर पिकलेले पुरळ आहे, त्या नटाला शेवटी बसवावे, त्याचे सर्व साहित्य एकदाच वापरून टाकून द्यायचे असावे आणि बाधित भागाला रंग लावू नये. पात्राला डोळ्यांत काजळ हवेच असा आग्रह दिग्दर्शकाने धरला, तरी रंगभूषा करणाऱ्याने नकार द्यावा.

मध्यंतरात घाम टिश्यूने टिपावा, पुसू नये, आणि त्यावर स्वतःच्याच पफने पावडर दाबावी. विंगेत सर्वांसाठी एक पफ ठेवण्याची सोय धोक्याची आहे.

प्रयोगानंतर

रंग उतरवण्याची घाई सर्वांनाच असते, कारण बस उभी असते आणि भूक लागलेली असते. आधी दाढी-मिशांच्या कडेला गम रिमूव्हर कापसाने जिरवावा आणि जाळी आपोआप सुटेपर्यंत थांबावे. ओढून काढल्यास त्वचा सोलते. नखांच्या रंगासाठीचे ॲसिटोन चेहऱ्यावर वापरू नये. त्यानंतर डोळ्यांचा रंग आणि शेवटी उरलेला चेहरा कोल्ड क्रीम किंवा खोबरेल तेलाने काढावा. तेल कापसावर ओतून घ्यावे. एका वाटीत सर्वांनी बोटे बुडवू नयेत. नुसते तेल लावून झोपल्यास रोमरंध्रे बुजतात आणि पुटकुळ्या येतात, म्हणून सौम्य फेसवॉशने चेहरा धुऊन मॉइश्चरायझर लावावे. टॉवेल प्रत्येकाचा स्वतःचा असावा.

ब्रश घरी सौम्य शांपूने कोमट पाण्यात धुवावेत आणि आडवे किंवा केस खाली करून वाळवावेत. उभे ठेवल्यास पाणी मुठीत उतरते, गोंद सुटतो आणि केस गळू लागतात. पफ साबणाने धुऊन उन्हात वाळवावेत. स्पंज टाकून द्यावेत, कारण त्यांच्या आतपर्यंतची ओल धुऊनही जात नाही. पाण्याने वापरायचा पॅनकेक ओला असताना झाकण लावल्यास, विशेषतः मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात, त्यावर बुरशी धरते. तो रात्रभर उघडा ठेवून कोरडा करावा, आणि ओला करण्यासाठी स्पंज सामाईक वाटीत न बुडवता फवाऱ्याने पाणी मारावे.

टोपांच्या आत घाम मुरतो. प्रत्येक नटाने टोपाखाली स्वतःची स्टॉकिंगची टोपी घालावी, प्रयोगानंतर टोप उलटा करून पंख्याखाली वाळवावा आणि आतली पट्टी स्पिरिटने पुसावी. भाड्याने आणलेल्या टोपातून उवा येऊ शकतात. माणसाच्या डोक्यापासून दूर उवा साधारण दोन दिवसांहून अधिक जगत नाहीत, त्यामुळे टोप वापरण्यापूर्वी तेवढे दिवस बंद पिशवीत ठेवता येतील अशा बेताने आणावेत.

प्रत्येक डबीवर ती उघडल्याची तारीख लिहावी. वेष्टणावर उघड्या डबीचे चित्र आणि त्यात १२ किंवा २४ असा आकडा असतो. उघडल्यानंतर तितके महिने ती वस्तू वापरता येते. मस्कारा तीन महिन्यांनी टाकून द्यावा. दौऱ्यात पेटी बसच्या टपावर किंवा उन्हातल्या डिकीत ठेवल्यास क्रीम वितळते आणि तेल वेगळे होते. अशा डबीला वेगळा वास येऊ लागला किंवा रंग फाटल्यासारखा दिसला, तर तारीख उरलेली असली तरी ती वापरू नये. संस्थेच्या वार्षिक अंदाजपत्रकात नेपथ्य आणि वेशभूषेबरोबर स्पंज, कापूस, काड्या आणि बदलाव्या लागणाऱ्या डब्या यांसाठी स्वतंत्र रक्कम धरावी, आणि ती खर्च करण्याचा अधिकार पेटी सांभाळणाऱ्या व्यक्तीकडे असावा.